एकच जंतू, वाण वेगवेगळे

देवासच्या मंडीत गव्हाची ट्रॉली आली की व्यापारी आधी मूठभर दाणे तळहातावर घेतो, बोटाने फिरवून बघतो आणि मगच बोली सुरू होते. नुसता ‘गहू’ म्हणून भाव ठरत नाही. शरबती की लोकवन, पूर्णा की पोषण, हे आधी बघावे लागते. धारकडे सोयाबीनचेही तसेच. ३३५ नंबरचे वाण तयार व्हायला शंभर दिवसांच्या आसपास घेते, ९५६० त्याच्या आधीच कापणीला येते. शेत तेच, पाऊस तोच, पीकही नावाने तेच. पण वाण बदलले की सगळा हिशेब बदलतो. माळव्यातल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

माणसाच्या पोटात राहणाऱ्या एका जंतूलाही हाच नियम लागू पडतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्याचे पूर्ण नाव. दवाखान्यातल्या बोलण्यात ‘एच. पायलोरी’. जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांच्या जठरात तो आढळत आला आहे, भारतात तर निम्म्याहून जास्त प्रौढांत. बहुतेकांना तो आपल्या पोटात आहे हे जन्मभर कळत नाही. काहींना त्याच्यामुळे अल्सर होतो. आणि ज्यांच्या पोटात तो आहे अशा शंभरातल्या एक ते तीन जणांना पुढे जठराचा कर्करोग होतो. बाकीचे का सुटतात आणि हे एक-दोन-तीन जणच का सापडतात, या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग जंतूच्या वाणात आहे. त्या उत्तराचा शोध जपान-अमेरिकेत चालतो, तसाच तो धार-देवासपासून फार लांब नसलेल्या इंदूरजवळच्या सिमरोल गावातही चालू आहे.

‘पित्त’ या शब्दाखाली

अठराव्या शतकात मराठा सरदार पवारांबरोबर माळव्यात आलेली मराठी घरे धारला आहेत, देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीच्या वस्तीत आहेत. पोटाच्या तक्रारीला या घरांत एकच शब्द आहे: पित्त. शेजारच्या माळवी घरात त्यालाच ‘गॅस’ म्हणतात. छातीत जळजळ, करपट ढेकर, जेवल्यावर पोट जड, सकाळी मळमळ, सगळे या एकाच शब्दाखाली येते. उपायही ठरलेले आहेत. थंड दूध, आवळा, जिरे चावून खाणे, जागरण टाळणे आणि तरी नाही थांबले तर औषधाच्या दुकानातून सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची गोळी. दहा जणांपैकी अनेकांची तक्रार खरोखरच एवढी साधी असते. अडचण उरलेल्यांची आहे, कारण जठरातल्या गंभीर आजाराची सुरुवातही बाहेरून अगदी पित्तासारखीच दिसते.

चार-साडेचार दशकांपूर्वीपर्यंत डॉक्टरही यापेक्षा फार वेगळे सांगत नव्हते. अल्सर होतो तो काळजीने, तिखटाने आणि आम्ल जास्त झाल्याने, असे वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत लिहिलेले होते. जठरातले आम्ल एवढे तीव्र की त्यात कोणताच जंतू तग धरू शकणार नाही, अशी समजूत होती. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या पामर या डॉक्टरांनी हजारावर रुग्णांच्या जठराचे तुकडे तपासून तिथे जंतू राहत नाहीत असा निर्वाळा दिला आणि विषय बराच काळ मिटला.

तो पुन्हा उघडला ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात. १९७९ मध्ये रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टना सूक्ष्मदर्शकाखाली जठराच्या अस्तरावर वळणदार जंतूंची रांग दिसली. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. दोघांनी रुग्णांच्या जठराचे तुकडे घेऊन जंतू वाढवायचा प्रयत्न सुरू केला; पण दोन दिवसांत ताटल्यांत काही उगवले नाही की त्या टाकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत प्रयोगशाळेत कोणाला वेळ झाला नाही आणि ताटल्या पाच दिवस तशाच राहिल्या. सुटीनंतर पाहिले तर जंतूंच्या वसाहती उगवल्या होत्या. हा जंतू सावकाश वाढणारा आहे. त्याला फक्त जास्त दिवस हवे होते.

तरीही फारसे कोणी मानायला तयार नव्हते. १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचे द्रावण स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांतच उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीच्या तपासणीत त्यांच्या जठराला सूज आलेली दिसली. दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एच. पायलोरीला कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखूचा धूर याच गटात आहे. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

देवासला जंतू आणि औषध यांचे नाते नवे नाही. गायक कुमार गंधर्वांना क्षयाने गाठले तेव्हा कोरड्या हवेसाठी ते १९४८ मध्ये देवासला आले आणि पुढची काही वर्षे गाणे बंद ठेवून पडून राहिले. स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध हाती आल्यावर ते बरे झाले. क्षयाचा जंतू तेव्हा माहीत होता म्हणून औषध शोधता आले. त्याच काळात अल्सरच्या रुग्णाला मात्र ‘काळजी करू नका, दूध प्या’ एवढेच सांगितले जात होते, कारण त्याचा जंतू कोणी ओळखलेलाच नव्हता.

आम्लात घर, हातात पिचकारी

जठरातल्या आम्लात हा जंतू जगतो कसा? तो युरिएज नावाचे विकर मोठ्या प्रमाणात तयार करतो. जठरात असलेल्या युरियापासून त्याच्या साहाय्याने अमोनिया तयार होतो आणि जंतूभोवतीचे आम्ल मारले जाते. मग मळसूत्रासारख्या शरीराने आणि शेपटीसारख्या तंतूंनी तो जठरावरच्या चिकट थरात घुसतो आणि अस्तराच्या पेशींजवळ जाऊन बसतो. एकदा बसला की औषधाशिवाय सहसा हलत नाही. संसर्ग बहुधा बालपणीच होतो, घरातल्या माणसांकडून, विशेषतः आईकडून. आणि पुढे पन्नास-साठ वर्षे टिकतो.

इथवर सगळी वाणे सारखी. फरक पुढे सुरू होतो.

१९९३ मध्ये संशोधकांना काही जंतूंमध्ये ‘कॅग-ए’ नावाचे जनुक सापडले, काहींमध्ये ते नव्हतेच. पुढे कळले की ते एकटे नाही. सुमारे तीस जनुकांचा एक सलग पट्टा त्याच्याबरोबर येतो. या पट्ट्यातली बरीचशी जनुके मिळून एक यंत्रणा उभी करतात. तिला पिचकारी म्हणणे सोपे जाईल. जंतू ही पिचकारी जठराच्या पेशीला टेकवतो आणि कॅग-ए हे प्रथिन थेट पेशीच्या आत सोडतो. आत गेल्यावर पेशीचीच विकरे त्या प्रथिनाला फॉस्फेटचे शिक्के मारतात. शिक्का बसलेले कॅग-ए मग पेशीच्या वाढीचा कारभार पाहणाऱ्या ‘एसएचपी-२’ या प्रथिनाला जाऊन चिकटते आणि खोटा आदेश देते: वाढ, पसर, शेजारच्या पेशीचा हात सोड. जपानमधल्या मासानोरी हाताकेयामा यांच्या गटाने २००२ मध्ये ही साखळी उलगडून दाखवली.

शिक्के मारायच्या जागाही सगळ्या वाणांत सारख्या नाहीत. जपान, कोरिया, चीनमधल्या वाणांत त्यांची रचना अशी असते की कॅग-ए एसएचपी-२ ला जास्त घट्ट चिकटते. युरोपातल्या आणि भारतातल्या बहुतेक वाणांत ही पकड तुलनेने सैल असते. ‘व्हॅक-ए’ नावाचे दुसरे विष पेशींच्या आत पोकळ्या पाडते. तेही काही वाणांत तीव्र आणि काहींत जवळजवळ निरुपद्रवी असते. सगळा हिशेब मांडला तर कॅग-ए असलेल्या वाणाचा संसर्ग झालेल्यांना, नसलेल्या वाणाच्या तुलनेत, जठराच्या कर्करोगाचा धोका दीड ते दोन पट दिसतो.

दीड-दोन पट म्हणजे नक्की कर्करोग होणार असे मुळीच नाही. वाट लांब असते आणि तिचे टप्पे पेलायो कोरेआ या डॉक्टरांनी मांडून ठेवले आहेत. आधी जठराला कायमची सूज, मग अस्तराची झीज, मग जठरात आतड्यासारखे अस्तर उगवणे, मग पेशींची रचना बिघडणे आणि सगळ्यात शेवटी कर्करोग. या वाटेला बहुधा कित्येक दशके लागतात. बहुतेक माणसे पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावरच थांबतात.

डोंगर आणि किनारा

वाण आणि माणूस यांची जोडी किती महत्त्वाची असते, हे सर्वांत स्पष्ट दिसले दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात. तिथे नारिन्यो प्रांतात तुकेरेस हे डोंगरातले गाव आहे आणि तुमाको हे समुद्रकिनाऱ्यावरचे. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. दोन्हीकडे दहातल्या जवळजवळ नऊ जणांच्या पोटात एच. पायलोरी. तरी डोंगरातल्या गावात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण किनाऱ्याच्या सुमारे पंचवीस पट.

२०१४ मध्ये संशोधकांनी माणसांची आणि त्यांच्या पोटातल्या जंतूंची जनुके एकत्र तपासली. किनाऱ्यावरचे लोक बहुतांशी आफ्रिकी वंशाचे, आणि त्यांच्या जंतूंमध्येही आफ्रिकी वारशाचा वाटा मोठा. डोंगरातले लोक मुख्यतः मूळ अमेरिकी वंशाचे. त्यांच्या पोटातले जंतू मात्र स्पॅनिश वसाहतीबरोबर आलेल्या युरोपी वाणांचे. जिथे माणूस आणि जंतू पिढ्यान्‌पिढ्या एकत्र वाढले होते तिथे त्यांचे कसेबसे जमले होते. जिथे परक्या वाणाशी गाठ पडली तिथे जठराची झीज जास्त झाली.

जंतू आणि माणसाची ही सोबत फार जुनी आहे. जगभरातल्या वाणांच्या जनुकांचा अभ्यास सांगतो की माणूस सुमारे अठ्ठावन्न हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेबाहेर पडला तेव्हा हा जंतू त्याच्या पोटात होता. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या जठरातूनही एच. पायलोरीचे जनुकसंच मिळाले. २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा युरोपच्या मधोमध मेलेल्या त्या माणसाचा जंतू आजच्या युरोपी वाणांपेक्षा मध्य आणि दक्षिण आशियातल्या, उत्तर भारतासकटच्या, वाणांना जास्त जवळचा निघाला. २००४ मध्ये लडाखमध्ये तर असे आढळले की शेजारी राहणाऱ्या बौद्ध आणि मुस्लिम समाजांतला फरक माणसांच्या जनुकांपेक्षा त्यांच्या पोटातल्या जंतूंच्या जनुकांवरून जास्त स्पष्ट ओळखता येतो. कोण कुठून आले, कोणाबरोबर राहिले, याची नोंद जंतू ठेवतो.

धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. भिल्ल, भिलाला या भूमीत पवारांच्या कितीतरी आधीपासून राहतात. त्यावर अडीच-तीनशे वर्षांपूर्वी दख्खनमधून आलेली घरे, राजस्थानातून आलेले व्यापारी, पिथमपूर आणि देवासच्या कारखान्यांसाठी देशभरातून आलेले कामगार. एवढ्या मिसळीच्या प्रदेशात कोणते वाण कोणत्या पोटात आहे, हा प्रश्न इतिहासाइतकाच आरोग्याचा आहे.

भारताचे कोडे

भारतातले चित्र जगाला बुचकळ्यात टाकते. इथे संसर्ग भरपूर. त्यामानाने जठराचा कर्करोग कमी. जपान आणि कोरियात तो लोकसंख्येच्या प्रमाणात भारताच्या कितीतरी पट आहे. संशोधक याला ‘भारतीय कोडे’ म्हणतात. पण प्रमाण कमी असले तरी देश मोठा आहे. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात जठराच्या कर्करोगाचे साठ हजारांहून अधिक नवे रुग्ण आणि पन्नास हजारांहून अधिक मृत्यू झाले. रुग्ण आणि मृत्यू यांचे आकडे एवढे जवळजवळ असण्याचे मुख्य कारण म्हणजे आजार उशिरा सापडतो.

ही मोजदाद कर्करोग नोंदणी केंद्रांमुळे शक्य होते. मुंबईत १९६३ मध्ये देशातले पहिले केंद्र सुरू झाले. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत पहिले ग्रामीण केंद्र उभे राहिले. मध्य प्रदेशात भोपाळचे केंद्र वायुगळतीनंतरच्या वर्षांत सुरू झाले. या नोंदींनी हेही दाखवले की भारत एकसारखा नाही. दक्षिणेत जठराचा कर्करोग उत्तरेपेक्षा जास्त दिसतो, आणि मिझोराममध्ये तर देशात सर्वाधिक. तिथे धुरावलेले मांस, आंबवलेली डुकराची चरबी आणि तंबाखूच्या धुराने भारलेले ‘तुइबुर’ नावाचे पाणी यांच्याशी त्याचा संबंध आढळला आहे.

मग इथले कोडे वाणानेच सुटेल का? कोलकात्याच्या कॉलरा संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २००२ मध्ये रुग्ण आणि निरोगी माणसे अशा दोन्ही गटांतल्या जंतूंची तुलना केली. भारतात कॅग-ए असलेली, तीव्र समजली जाणारी वाणे दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच निघाली. म्हणजे परदेशात जी खूण धोक्याची म्हणून उपयोगी पडते, ती एकटी घेऊन भारतातल्या रुग्णाचे भविष्य सांगता येत नाही. जंतूचे वाण, माणसाची जनुके, ताटातले मीठ आणि भाजीपाला, तंबाखू, यांची बेरीज प्रत्येक ठिकाणी वेगळी होते. म्हणूनच इथल्या जंतूंचा अभ्यास इथेच करावा लागतो.

सिमरोलची प्रयोगशाळा

धार आणि देवास दोन्हीकडच्या माणसाला पोटाचा मोठा आजार झाला की बस किंवा गाडी इंदूरकडे वळते, सरकारी एम. वाय. रुग्णालयाकडे किंवा खासगी रुग्णालयांकडे. त्याच इंदूरच्या दक्षिणेला खंडवा रस्त्यावर सिमरोलला आयआयटीचा परिसर आहे. तिथे प्रा. हेमचंद्र झा यांचा गट एच. पायलोरी आणि एपस्टाइन-बार विषाणू यांच्यावर काम करतो.

हा विषाणू १९६४ मध्ये सापडला. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो निपचित पडून असतो, आणि जठराच्या साधारण दहातल्या एका कर्करोगात तो आढळतो. इंदूरच्या गटाने विचारलेला प्रश्न असा: जंतू आणि विषाणू एकाच पेशीत भेटले तर काय होते?

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, प्रयोगशाळेत वाढवलेल्या जठराच्या पेशींना दोघांचा संसर्ग एकत्र दिला गेला. तेव्हा दोघेही एकमेकांना पोषक ठरले. एकट्या जंतूच्या संसर्गापेक्षा जोडसंसर्गात कॅग-ए आणि पेशीला चिकटण्यासाठी लागणारे ‘बॅब-ए’ ही जंतूची जनुके जास्त जोमाने काम करू लागली; विषाणूची जनुकेही तशीच. पेशीत ‘गॅन्किरिन’ नावाच्या, कर्करोगाला चालना देणाऱ्या एका छोट्या प्रथिनाचे प्रमाण वाढले. आणि गॅन्किरिन दाबून टाकले तेव्हा पेशींचे कर्करोगी वागणे कमी झाले. हे काम पेशींवरचे आहे, रुग्णावरचे औषध व्हायला अजून बराच रस्ता आहे. तरी त्याने एक गोष्ट पुढे आणली: वाणाबरोबर त्याचा सोबती कोण आहे, हेही बघायला हवे.

पाण्याचा हिशेब

जंतू तोंडावाटे पसरतो: उलटीतून, लाळेतून, मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून. दाटीवाटीचे घर आणि अपुरे पाणी म्हणजे त्याला मोकळा रस्ता. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धाआधी जन्मलेल्या पिढीत बहुसंख्य लोकांना संसर्ग होता. आजच्या जपानी मुलांत तो दहातल्या एकाहूनही कमी जणांना होतो. लस न देता एवढा बदल झाला तो मुख्यतः नळाच्या पाण्याने आणि स्वच्छतेने.

देवासला या वाक्याचे वजन कळते. १९९० मध्ये या शहराला पाणी पुरवायला इंदूरहून रेल्वेने टँकर आणावे लागले होते. पुढे २००६ पासून तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतात तळी खोदायला सुरुवात केली. ‘रेवासागर’ म्हणून ओळखली जाणारी अशी हजारो तळी आज जिल्ह्यात आहेत. धार तर राजा भोजाच्या काळापासून आपल्या ‘साडेबारा तलावां’साठी ओळखले जाते. शेताला पाणी मिळाले की पीक येते हे सगळ्यांना दिसते. घरात हात धुण्यापुरते, भांडी नीट विसळण्यापुरते आणि शौचालयासाठी स्वच्छ पाणी असले की दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात हा जंतू जायचा टळतो, हे मात्र पन्नास वर्षांनंतरच्या नोंदीतच दिसू शकते.

तंबाखूचाही इथेच विचार करावा लागतो, कारण ती जठराच्या कर्करोगाचा धोका स्वतंत्रपणे वाढवते. केंद्राच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार गुटख्यावर बंदी घालणारे मध्य प्रदेश हे २०१२ मध्ये देशातले पहिले राज्य होते. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या दर तीन प्रौढांमागे एक जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होता.

चौदा दिवसांचे औषध

या सगळ्या गोष्टीतला सर्वांत आशादायक भाग असा की जंतू घालवता येतो आणि घालवल्याने धोका खरोखर कमी होतो. जपानमध्ये १,५२६ रुग्णांवर सरासरी पावणेआठ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. ज्यांच्या पोटात जंतू होता अशा १,२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला. जंतू नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही नाही. २००१ मध्ये हे आकडे छापून आले. चीनच्या लिंचू भागात १९९५ मध्ये लोकांना केवळ दोन आठवडे औषध दिले. बावीस वर्षांनी मोजले तेव्हा औषध घेतलेल्यांत या कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला जठराचा कर्करोग झालेल्या लोकांवर कोरियात चाचणी झाली. तिथेही धोका निम्म्याहून कमी झाला.

मग प्रत्येक भारतीयाला औषध द्यावे का? इथले तज्ज्ञ तसे म्हणत नाहीत. निम्म्याहून अधिक देशाला दोन-तीन प्रतिजैविके देणे म्हणजे प्रतिरोधाला आमंत्रण; मेट्रोनिडाझोल तर भारतात या जंतूवर आताच अनेकदा चालत नाही. शिवाय औषधाने घालवलेला जंतू अस्वच्छ परिस्थितीत पुन्हा येऊ शकतो. म्हणून तपासणी आणि उपचार निवडून करायचे असतात: अल्सर झालेल्यांना, रक्ताच्या नात्यात जठराचा कर्करोग असलेल्यांना, दुर्बिणीत अस्तराची झीज दिसलेल्यांना, आणि डॉक्टरांना तसे कारण वाटेल त्यांना.

काही लक्षणे मात्र ‘पित्त’ म्हणून सोडून द्यायची नसतात. चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली आणि न थांबणारी तक्रार. कारण नसताना घटणारे वजन. चार घासांत पोट भरल्यासारखे वाटणे. गिळताना अडकणे. वारंवार उलटी. डांबरासारखे काळे शौच. रक्त कमी झाल्याचे निदान. अशा वेळी दुकानातली गोळी वाढवत जाण्यापेक्षा दुर्बिणीची तपासणी आधी करावी, कारण आम्ल कमी करणारी गोळी लक्षणे झाकते आणि जंतूची चाचणीही खोटी ‘नाही’ दाखवू शकते.

चाचण्या अवघड नाहीत. दुर्बिणीतून घेतलेला तुकडा युरियाच्या जेलीत टाकतात. जंतू असला तर त्याच्या युरिएजमुळे पिवळा रंग गुलाबी होतो. श्वासाच्या चाचणीत खास कार्बन असलेला युरिया प्यायला देतात आणि अर्ध्या तासाने फुंकलेल्या हवेत तो कार्बन येतो का ते मोजतात. शौचाच्या नमुन्यातूनही जंतू ओळखता येतो. उपचार साधारण चौदा दिवसांचा: आम्ल कमी करणारी गोळी आणि तिच्याबरोबर दोन किंवा अधिक प्रतिजैविके, कधी बिस्मथही. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळते, बिस्मथने शौच काळे होते; ही त्या औषधाची खूण आहे, रक्तस्राव नव्हे, हे डॉक्टरांनी आधी सांगितले तर रुग्ण घाबरत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी बरे वाटले म्हणून गोळ्या थांबवल्या तर जे जंतू उरतात ते औषधाला दाद न देणारे असू शकतात. आणि कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, आम्लाची गोळी दोन आठवडे बंद ठेवून, जंतू खरोखर गेला का हे पुन्हा तपासायचे असते. नेमकी ही शेवटची तपासणी बरेच जण करत नाहीत.

मंडीतल्या बियाण्याच्या पिशवीवर वाणाचे नाव छापलेले असते, किती दिवसांत पीक येईल तेही. पॅथॉलॉजीच्या अहवालावर आजही फक्त ‘एच. पायलोरी पॉझिटिव्ह’ असे येते. कॅग-ए आहे की नाही, व्हॅक-ए कोणत्या जातीचे, कोणती प्रतिजैविके लागू पडतील, याची तपासणी नेहमीच्या दवाखान्यात होत नाही. ती संशोधनाच्या प्रयोगशाळांत होते, तीही थोड्या नमुन्यांची. धारच्या भिल्ल पाड्यावरचा रुग्ण, देवासच्या कारखान्यातला कामगार आणि पातीतल्या मराठी घरातली आजी यांच्या पोटातले जंतू शेजारी शेजारी ठेवून वाचले गेले, तर त्या अहवालावर आणखी दोन ओळी वाढतील. तोवर हातात आहे ते हे: वेळेवर दुर्बिणीची तपासणी, पूर्ण चौदा दिवसांच्या गोळ्या, आणि महिन्याभराने इंदूरला आणखी एक फेरी, जंतू गेला याची खात्री करायला.